अरुंद झडप

१

दार चोरीला गेलं होतं, आणि तेही अर्धंच.

सकाळी आम्ही पाहणीला पोचलो तेव्हा घराची सून कमरेवर हात ठेवून रस्त्यातच उभी होती. तिच्यामागे, जिथे दोन झडपांचं जुनं दार असायला हवं, तिथे एकच झडप होती. उजवीकडची रुंद, कोरीव काम केलेली झडप नेहमीसारखी मिटलेली. डावीकडची अरुंद झडप गायब. तिच्या जागी कुणीतरी घाईघाईने चादर लावली होती.

“माझ्याकडे बघू नका,” सून म्हणाली. “मी नाही काढलेली.”

अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

आधी माझी ओळख करून देतो. मी जुन्या घरांच्या समितीचा पाहणी अधिकारी. या भागातल्या घरांना रस्त्याच्या बाजूने काहीही बदल करायचा, मग तो खिडकीचा रंग असो की दाराची कडी, की आधी आम्हाला विचारावं लागतं. लोक आम्हाला बघून आनंदाने उड्या मारतात असं नाही. समितीचे अध्यक्ष जुन्या दारा-खिडक्यांचे अभ्यासक, त्यांना सगळे प्राध्यापक म्हणतात. रहिवाशांच्या प्रतिनिधी म्हणजे माझ्या सासूबाई. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, निवृत्त झाल्यावर समितीत आल्या. माझी नेमणूक लग्नाच्या आधीची आहे, सासूबाईंमुळे झालेली नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. कुणाचा विश्वास बसत नाही.

या घराचा अर्ज साधा होता. घरातले काका पडले, कंबरेचं हाड मोडलं, आता कायमची व्हीलचेअर. दोन्ही झडपा सताड उघडल्या तरी ती चार बोटांनी अडते. म्हणून दार रुंद करायला परवानगी हवी होती. पायरीवर टाकायचा लाकडी उतार आम्ही आधीच मान्य केला होता, कारण तो उचलून ठेवता येतो. दाराचं मात्र अडलं होतं. ते गावातलं सर्वांत जुनं दार, असं प्राध्यापकांचं मत होतं.

“बाबांना शनिवारी सोडतायत उपचार केंद्रातून,” सून म्हणाली. “इथे येता आलं नाही तर नणंदेकडे जातील, लांब, सातव्या मजल्यावर. एकदा गेले की ते परत येत नाहीत, हे मला तुम्ही सांगायला नको.”

“मागच्या दाराने...” मी म्हणालो.

“मागे बोळ आहे, पायऱ्या आहेत. आणि बाबांनी स्पष्ट सांगितलंय, कचऱ्याच्या डब्यासारखा मागून येणार नाही.”

प्राध्यापक आतापर्यंत त्या चादरीकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“नियम सरळ आहे,” ते म्हणाले. “निर्णयाच्या आधी अर्जदाराने संरक्षित भाग काढला, तर अर्ज वर्षभर बाजूला. दुपारच्या बैठकीपर्यंत झडप सापडली नाही, तर मला दुसरा मार्ग नाही.”

२

आम्ही आत गेलो. बाहेरच्या खोलीत काकू, म्हणजे सुनेची सासू, चहाच्या तयारीत होत्या. नीटनेटकी खोली. दाराच्या डाव्या अंगाला भिंत थोडी पुढे आलेली, तिच्या आडोशाला खिडकीखाली शिलाई मशीन. मधोमध टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं भरतकामाचं कापड. काकूंनी चहात साखर दोनदा घातली. नवरा तीन महिने घराबाहेर, त्यात आता दार गेलेलं, कुणाचंही असंच होईल.

“रात्री दाराला अडसर कुणी लावला?” सासूबाईंनी विचारलं.

“मीच,” सून म्हणाली. “झोपायच्या आधी.”

“आणि सकाळी?”

“सकाळी भिंतीला टेकवून ठेवलेला. नेहमीच्या जागी. आणि हे बघा.” तिने खिडकीतली वाटी आणली. वाटीत बिजागऱ्यांचे लांब खिळे होते, पुसून, तेल लावून ठेवलेले. “हेही इथेच होते.”

“चोर फारच चांगल्या वळणाचा दिसतो,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

मी कप टेबलावर ठेवला. ठेवला न ठेवला तोच तो कलंडला आणि सगळा चहा माझ्या पँटवर.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “कप टेबलावर ठेवायचा असतो. कडेला टांगायचा नसतो.”

“मधोमधच ठेवला होता, आई.”

“हो का.” त्यांनी स्वतःचा कप ठेवून पाहिला, मग जरा सरकवला, आणखी सरकवला, आणि शेवटी हातातच धरून प्यायल्या. काकू फडकं आणायला आत धावल्या.

प्राध्यापकांनी घसा साफ केला. “अडसर आतून काढलेला. म्हणजे बाहेरचा माणूस नाही. मुलगा बोटीवर नोकरीला. घरात रात्री दोघीच होत्या.” ते सुनेकडे वळले. “गेल्या बैठकीत तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?”

सुनेचा रंग उडाला. आठवत सगळ्यांनाच होतं. हे दार एक दिवस फोडून सरपणाला घालीन, असं ती भर बैठकीत ओरडली होती, आणि नोंदीत ते मीच उतरवून घेतलं होतं.

“बोलले होते,” ती हळूच म्हणाली. “पण केलं नाही.”

सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “घरात दोघीच होत्या, हे कुणी सांगितलं? वरचा सज्जा कुणाकुणाचा आहे?”

सून थबकली. वरचा सज्जा शेजारच्या घराशी सलग होता. मध्ये गुडघ्याएवढा कठडा. आणि काका आजारी पडल्यापासून सज्ज्याच्या दाराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे होती.

शेजारी म्हणजे हरकतराव.

३

हरकतराव निवृत्त वकील. गल्लीत कुणी कुंडी हलवली तरी त्यांची लेखी हरकत येते. या दाराच्या अर्जावर तर त्यांनी आठ पानी हरकत घेतली होती.

त्यांनी आम्हाला वरच्या खोलीत नेऊन बसवलं तेव्हा त्यांच्या चपलांवर लाकडाचा भुसा होता. सासूबाईंनी तो पाहिला. मीही पाहिला. हरकतरावांनी आम्हाला तो बघताना पाहिलं, आणि पाय खुर्चीखाली घेतले.

“मी काही केलेलं नाही,” ते म्हणाले. त्या सकाळी हे वाक्य फारच लोकप्रिय होतं.

“पलंगामागे ते लांबलचक काय आहे, चादरीत गुंडाळलेलं?” सासूबाईंनी विचारलं.

“ती माझी खाजगी बाब आहे.”

“पुरुषभर लांबीची खाजगी बाब?” सासूबाई उठल्या, आणि वकीलसाहेब हरकत घेण्याच्या आत त्यांनी चादर ओढली. आत फळी होती. पण झडप नव्हे. प्लास्टिकचा चकचकीत थर दिलेली, बाजारातली नवीकोरी फळी. तिची जुळी बहीण हरकतरावांच्या रस्त्याकडच्या खिडकीखाली आधीच बसवलेली होती, जुनी कुजकी फळी काढून, आमच्या परवानगीशिवाय.

“तात्पुरती आहे,” हरकतराव कोमेजून म्हणाले.

“निदान रंग तरी लाकडाचा आहे,” सासूबाई म्हणाल्या. मी वही काढत होतो, त्यांनी नजरेनेच मला ती परत ठेवायला लावली.

“आणि ऐका,” हरकतरावांना एकदम जोर चढला, “मी कशाला ते दार चोरू? माझी हरकत दार राहावं म्हणूनच आहे ना? दारच नाहीसं झालं, तर मी हरकत घेऊ कशावर?”

हे मात्र पटण्यासारखं होतं. हरकतराव सुटले. पण ते सुटले म्हणजे पुन्हा घरातल्या दोघीच उरल्या, आणि त्यांतली एक तोंडाने दार जाळून बसलेली होती.

“आई, सूनच असणार,” जिना उतरताना मी म्हणालो. मला वाईट वाटत होतं. ती मुलगी नवऱ्याच्या माघारी एकटी सगळीकडे धावत होती.

“तिला दार नको होतं ना?”

“नकोच होतं.”

“मग तिने दोन्ही झडपा का नाही काढल्या? आणि विकायलाच न्यायची, तर रुंद झडप सोडून हा अरुंद तुकडा कोण नेईल?” त्या थांबल्या. “कुणाला दार नको होतं, असं नाही, जावईबापू. कुणाला तरी तेवढीच झडप आज दिसायला नको होती.”

४

प्राध्यापक बाहेर पायरीपाशी उभे राहून उरलेल्या झडपेचा फोटो काढत होते. रागाची जागा आता दुःखाने घेतली होती. मला त्यांची दया आली.

त्यांचं दुःख खरं होतं. एक झडप रुंद आणि एक अरुंद, असं जुनं दार गावात दुसरं नव्हतं. त्यावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती. जुने सुतार रोजच्या वापरासाठी अरुंद झडप आणि खास पाहुण्यांसाठी रुंद झडप करत, असा त्यांचा सिद्धांत होता. कोपऱ्यावर नवीन घर झालं तेव्हा त्यांच्या शिफारशीवरून मी स्वतः त्या मालकाला असंच कमी-जास्त रुंदीच्या झडपांचं दार करायला लावलं होतं. तो माणूस अजून मला रस्त्यात भेटला की तोंड फिरवतो.

“आज तुम्ही नेमकं काय तपासणार होतात?” सासूबाईंनी विचारलं.

“दोन्ही झडपा उतरवणार होतो. चौकटीत लपलेल्या कडा आजवर कुणी पाहिलेल्याच नाहीत. त्यांवर जुन्या सुताराच्या खुणा मिळाल्या असत्या, माझं म्हणणं सिद्ध झालं असतं. मुद्दाम काल संध्याकाळी येऊन सांगून गेलो होतो.”

“कुणाला?”

“काकूंना. सून कामावरून आली नव्हती.”

सासूबाई पायरीकडे वळल्या. सुनेने सकाळी पायरी धुतली होती. दगड वाळला होता, फक्त डाव्या टोकाला, अगदी भिंतीच्या बुडाशी, खळग्यात अजून पाणी साचलेलं होतं. सासूबाई गुडघ्यांची कुरकुर ऐकत खाली बसल्या आणि त्या पाण्यात बोट फिरवलं.

“पायरी कुठे झिजते, जावईबापू?”

“मधोमध. लोक दाराच्या मधून जातात.”

“आणि ही?”

मी बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पायांनी झिजून झालेला तो खळगा मधे नव्हताच. तो डावीकडे होता, आणि त्याची दुसरी कड दिसतच नव्हती. ती भिंतीखाली शिरली होती.

“माणसं भिंतीतून जात होती म्हणायची,” मी म्हणालो.

“चला,” सासूबाई माझ्या हाताचा आधार घेऊन उठल्या. “मला अजून एक चहा हवाय. प्राध्यापक, तुम्हीही या. आणि या वेळी कप नीट ठेवा.”

५

टेबलाभोवती सगळे बसले. काकू चहा घेऊन आल्या. सासूबाईंनी कप घेतला नाही. त्यांनी चमचा टेबलावर ठेवला आणि सोडून दिला. चमचा गडगडत एका अदृश्य पन्हळीत जाऊन थांबला.

“टेबल सुरेख आहे,” सासूबाई मऊ आवाजात म्हणाल्या. “पण सपाट नाही. काकू, मी कापड उचलू, की तुम्ही उचलता?”

काकूंनी हातातला ट्रे पुढे केला. सुनेने तो पटकन धरला.

“आई?” ती म्हणाली. “आई, काय आहे?”

काकूंनी स्वतःच कापड बाजूला केलं. दोन लाकडी घोड्यांवर, जिथे एरवी कापड बेतायची फळी असायची, तिथे हरवलेली झडप आडवी पडली होती. संरक्षित ठेव्यावर सकाळपासून आम्ही चहा सांडत होतो. प्राध्यापक उठून उभे राहिले.

“कडेकडे बघा,” सासूबाई म्हणाल्या.

बिजागरीच्या बाजूची कड करवतीने कापलेली होती. नक्षीची चौकट तीन बाजूंना होती, चौथ्या बाजूला ती अर्ध्यावरच तुटली होती.

“दोन्ही झडपा मुळात सारख्याच होत्या,” सासूबाई म्हणाल्या. “पायरीचा खळगा दाराचा खरा मध्य दाखवतो. त्याची एक कड आज भिंतीखाली आहे, म्हणजे ही पुढे आलेली भिंत नंतरची. दार बुजवून लहान केलं आणि एक झडप कापून बसवली. चौकटीत कड लपली, म्हणून कुणाला कळलं नाही. काल प्राध्यापक म्हणाले, झडपा उतरवणार. घरात ते एकट्या काकूंनाच माहीत होतं. अडसर आतून काढलेला, खिळे तेल लावून वाटीत ठेवलेले. चोर असं करत नाही. ज्याला ते दार पुन्हा लावायचंय, तोच असं करतो.”

काकू खुर्चीत बसल्या.

“मी शिवणकाम करायचे. खिडकीपाशी उजेड होता, पण रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस दारातून डोकावायचा. मला लाजल्यासारखं व्हायचं. मी कधी बोलले नाही, यांच्याच लक्षात आलं. सुट्टीच्या दिवशी यांनी स्वतः विटा रचल्या, मला आडोसा करून दिला. झडपही स्वतःच कापली. करवत वाकडी गेली म्हणून दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.” त्यांनी कापलेल्या कडेवरून हात फिरवला. “आता तुम्ही ती कड बघितली असती. विनापरवाना बदल म्हणाला असतात. अर्ज तर गेलाच असता, वर यांच्यावर खटला. या वयात, या अवस्थेत. मला दुसरं काही सुचलं नाही हो. ही निर्दोष आहे, तिला काहीच माहीत नव्हतं.”

सून त्यांच्यापाशी जमिनीवर बसली. “आई, मला सांगायचं ना! मी काय तुमची शत्रू आहे?”

“तू रागावली असतीस.”

“असतेच. मग दोघींनी मिळून लपवली असती.”

“काकू,” सासूबाईंनी विचारलं, “हे कधीचं?”

“मुलगा पोटात होता तेव्हाचं.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “समिती कधी स्थापन झाली?”

मी मनात हिशोब केला आणि मला हसू आवरेना. “काकू, तुमचा मुलगा आमच्या समितीपेक्षा मोठा आहे. तेव्हा परवानगी द्यायला कुणी नव्हतंच. काकांनी काही गुन्हा केलेला नाही.”

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. ज्या भीतीपायी त्या रात्रभर जागल्या होत्या, तिला बूडच नव्हतं. पण खरी गंमत त्यांना अजून कळायची होती, आणि ती आता एका माणसाच्या हातात होती. सगळ्यांच्या नजरा प्राध्यापकांकडे गेल्या.

६

प्राध्यापक बराच वेळ त्या वाकड्या कडेवर वाकून होते. आयुष्यभराचा सिद्धांत एका शिवणकामाच्या आडोशापायी कोसळला होता. ते चिडतील, झडप बनावट ठरवतील, निघून जातील, असं मला वाटत होतं.

“म्हणजे खास पाहुण्यांची झडप वगैरे काही नव्हतं,” ते म्हणाले.

“नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि कोपऱ्यावरच्या त्या बिचाऱ्याला आपण उगाचच...”

“उगाचच,” मी म्हणालो.

ते ताठ झाले. “समितीचं काम मूळ रूप जपणं. मूळ रूप बुजलं असेल तर ते परत आणणं. मूळ दार रुंद होतं. मग ते रुंद करायला हवं, आणि त्यात समितीने आडवं येणं तर सोडाच, मदत करायला हवी.” ते हसले. “माझी पुस्तिका अर्धी उरली. पण दार पुरं होतंय.”

काकूंना आधी कळलंच नाही. सुनेने दोनदा समजावून सांगितलं. जी कड लपवायला त्यांनी एकटीने झडप उतरवली, तीच कड काकांना घरी आणणार होती. मग मात्र काकू रडायला लागल्या, आणि सून त्यांच्यावर खोटंखोटं ओरडत स्वतःही रडायला लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला असं पाहून फार बरं वाटतं, पण अधिकाऱ्याला ते दाखवता येत नाही.

“नोंदीत चोरीचं काय लिहू?” मी सासूबाईंना विचारलं.

“लिहा, पाहणीच्या वेळी झडप टेबलस्वरूपात आढळली.”

दुपारी बैठक झाली. अध्यक्षांनी स्वतःच ठराव मांडला आणि विचारलं, कुणाची हरकत? सगळे मागे वळले. हरकतराव उभे राहिले, सासूबाईंकडे एकवार बघितलं, खिडकीखालची फळी त्यांना आठवली असावी.

“हरकत नाही,” ते म्हणाले, आणि सभागृहात कुणीतरी चक्क टाळी वाजवली.

७

शनिवारच्या आत विटा निघाल्या. नवी झडप जुनीच्या जोडीची घडवायची म्हणजे वेळ लागणार होता, तोवर त्या बाजूला पडदा. मशीन मागच्या खोलीत गेलं. काकू म्हणाल्या, आता दृष्टी तशीही अधू झालीय, कोण डोकावतंय ते मला दिसायचं नाही.

काका आले तेव्हा गल्लीतले सगळे काही ना काही काम काढून बाहेर उभे होते. हरकतराव सज्ज्यात. प्राध्यापक कॅमेरा घेऊन. मी आणि सासूबाई पाहणीच्या निमित्ताने.

काका बारीक झाले होते. सुनेने व्हीलचेअर उतारावर चढवली. चौकटीपाशी आल्यावर त्यांनी दोन्ही हात सवयीने अंगाशी ओढून घेतले, लागेल म्हणून. काहीच लागलं नाही. दोन्हीकडे जागा शिल्लक होती. काकू आत उभ्या होत्या.

“या,” त्या म्हणाल्या.

काका आत गेले. खोलीभर बघितलं. बाहेर आम्ही सगळे वाट बघत होतो, आणि आतून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, थकले असतील, किंवा नाराज असतील.

मग काका म्हणाले, “सूनबाई, मला बाहेर ने.”

“बाबा, काय झालं? काही दुखतंय का?”

“काही दुखत नाही. बाहेर ने म्हणतो ना.”

तिने घाबरून त्यांना उतारावरून खाली आणलं. रस्त्यावर आल्यावर काकांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं, सदऱ्याची कॉलर सरळ केली, आणि म्हणाले, “हं. आता आत ने.”

आत काकू हसत होत्या. पुन्हा म्हणाल्या, “या.”

तो शनिवार आम्ही सगळ्यांनी तिथेच घालवला. काका दमेपर्यंत आत-बाहेर करत राहिले, आणि ते आत आले की दर वेळी काकू दारात उभ्या राहून त्यांना या म्हणत राहिल्या.